किनाऱ्याला लागलेली माणसं

मराठीत 'लागणे' हे क्रियापद फार कामाचं आहे. भूक लागते, नाद लागतो, ठेच लागते, शोध लागतो. खाडीकाठच्या बोलीत होडी बंदराला लागते आणि पावसाळ्यात वाहून आलेला ओंडकाही किनाऱ्याला लागतो. आणि कधी कधी, उधाणाची भरती ओसरल्यावर, एखादं प्रेतही 'लागतं'. सांगणारा माणूस आवाज किंचित खाली आणतो, पण क्रियापद तेच वापरतो. बोट आणि प्रेत यांच्यासाठी एकच शब्द.

पुढचे शब्द मात्र सरकारी असतात. पोलीस पाटील ठाण्यात खबर देतो. अकस्मात मृत्यूची नोंद होते. पंच बोलावतात, पंचनामा होतो. पूर्वी हे फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम 174 खाली चाले. 1 जुलै 2024 पासून नव्या नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 194 खाली चालतं. कागदावर लिहिलं जातं : अनोळखी इसम, वय अंदाजे अमुक, अंगावर निळी पँट, उजव्या दंडावर गोंदण, कमरेला करगोटा किंवा गळ्यात ताईत. कुणी ओळखायला आलं नाही की त्या इसमाला आणखी एक शब्द चिकटतो : बेवारस.

हा शब्द अरबी-फारसीतून आपल्याकडे आला आणि मराठीत पुरता मुरला. ज्याला वारस नाही तो बेवारस. पण जरा विचार केला की लक्षात येतं, जगात वारस नसलेला माणूस फार विरळा. त्या निळ्या पँटवाल्याची आई कुठल्या तरी गावात दाराकडे डोळे लावून बसलेली असते. वारस असतो, वारसापर्यंत वाट नसते. ही वाट का तुटते आणि ती कशी जोडता येते, याबद्दल आज बोलायचं आहे.

पनवेल आज महामार्गांचं आणि विमानतळाचं गाव झालं आहे. नव्या पिढीला ते बंदर होतं हे सांगावं लागतं. 1863 साली बोरघाटातून रेल्वे जाण्यापूर्वी मुंबईहून पुण्याला निघालेले कितीतरी लोक बोटीनं पनवेलला उतरत आणि तिथून घाट चढत. आमची खाडी मुंबई बंदराच्या पाण्याशी जोडलेली. ठाण्याची खाडी, पनवेलची खाडी, करंजा, धरमतर, या सगळ्यांचं पाणी दिवसातून दोनदा भरतं आणि दोनदा ओसरतं. मध्ये घारापुरी, जवाहर द्वीप, बाहेर खांदेरी आणि उंदेरी. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणाला इथलं पाणी चार-पाच मीटर चढतं. तेवढं पाणी आत येताना एकटं येत नाही. जे तरंगतं ते घेऊन येतं.

माणसाचं शरीर मात्र सुरुवातीला तरंगत नाही. बुडताना फुप्फुसांत पाणी शिरतं आणि देह बहुतेक वेळा तळाला जातो. आपल्याकडचं पाणी कोमट. दोन-चार दिवसांत कुजण्यातून वायू धरतात, देह फुगतो आणि वर येतो. मग तो वाऱ्याच्या आणि प्रवाहाच्या स्वाधीन होतो. पावसाळ्यात नैर्ऋत्येचा वारा आणि लाटा त्याला किनाऱ्याकडे ढकलतात. पाणी खोल आणि थंड असेल तर गोष्ट वेगळी. तिथे कुजणं मंद, वरून पाण्याचा दाब प्रचंड. वायू धरत नाहीत आणि देह कधीच वर येत नाही.

कोकणात म्हणतात, समुद्र कुणाचं काही ठेवून घेत नाही. ही श्रद्धा दिलासा देणारी आहे, पण खरी नाही. 8 नोव्हेंबर 1888 रोजी 'वैतरणा' नावाची आगबोट कच्छमधल्या मांडवी बंदरातून मुंबईला निघाली. तिच्यावर विजेचे दिवे होते म्हणून लोक तिला 'वीजळी' म्हणत. सातशेच्या वर माणसं होती. त्यांत लग्नाची वऱ्हाडं होती, मुंबईला मॅट्रिकच्या परीक्षेला निघालेली मुलं होती. सौराष्ट्राच्या किनाऱ्यालगत वादळात ती नाहीशी झाली. ना प्रेत लागलं, ना फळी. गुजरातीत तिच्यावर गाणी झाली. जिथे समुद्रानं काहीच परत दिलं नाही, तिथे गाण्यालाच कबरीचं काम करावं लागलं.

आता आपल्या किनाऱ्याकडे येऊ. 17 जुलै 1947. स्वातंत्र्याला महिनाही उरला नव्हता. आषाढातली अमावास्या, गटारी. सकाळी आठच्या सुमारास 'रामदास' ही आगबोट मुंबईच्या भाऊच्या धक्क्यावरून रेवसला निघाली. चाकरमानी, बाजारहाट करून परतणारे, सणाला गावी चाललेले, हिंदू, मुसलमान, ख्रिस्ती, सगळे तिच्यात होते. बोटीचं नाव समर्थांचं आणि कप्तान शेख सुलेमान; त्या काळच्या कोकण किनाऱ्यावर यात कुणाला नवल वाटत नसे. बोट होती भारतीयांनी परक्या कंपन्यांशी स्पर्धा करायला काढलेल्या कंपनीची. लोक तिला प्रेमानं 'माझी आगबोट कंपनी' म्हणत.

बंदराबाहेर पाऊस आणि वारा वाढला. भेदरलेली माणसं एका बाजूला सरकली, मोठी लाट आली आणि काशाच्या खडकाजवळ बोट कलंडली. ज्याला नकाशात 'गल आयलंड' म्हणतात तो हा खडक. बोटीवर बिनतारी यंत्र नव्हतं. मुंबईला बातमी पोचली ती दुपार उलटल्यावर, पोहून आलेल्या माणसाच्या तोंडून. तोवर जे वाचले ते स्वतःच्या हातपायांच्या बळावर आणि रेवसच्या कोळ्यांमुळे. हे कोळी मासळी घेऊन मुंबईकडे निघाले होते. त्यांनी होड्यांतली मासळी समुद्रात टाकली आणि माणसं भरली. एका दिवसाची कमाई पाण्यात ओतणारे ते हात इतिहासाच्या पुस्तकांत फारसे भेटत नाहीत, म्हणून इथे मुद्दाम आठवण करतो.

पुढे कित्येक दिवस प्रेतं किनाऱ्यांना लागत राहिली. किती माणसं गेली? कुणी सव्वासहाशे सांगतं, कुणी सातशेच्या जवळ. आज इतकी वर्षं उलटूनही आकडा एक होत नाही. याचं कारण समुद्रात शोधू नका, ते धक्क्यावर आहे. तिकीट विकलं जात होतं, नाव लिहिलं जात नव्हतं. तिकिटावर भाडं होतं, बंदर होतं, माणूस नव्हता. बिनतिकिटाचे होते ते वेगळेच. यादी नसेल तर किनाऱ्याला लागलेलं प्रेत कशाशी ताडून पाहायचं? आणि जे प्रेत लागलंच नाही, ते माणूस त्या बोटीवर होतं हे तरी कशावरून ठरवायचं?

हा नुसता हिशेबाचा प्रश्न नाही. घरातली बाई विधवा की सधवा, हा त्यातून निघणारा प्रश्न आहे. 1872 च्या पुरावा कायद्याचं 108 वं कलम सांगायचं की, ज्याची खबर स्वाभाविकपणे ज्यांना मिळायला हवी त्यांना सात वर्षं ती मिळाली नाही, तर तो जिवंत आहे हे सिद्ध करण्याचा भार तसं म्हणणाऱ्यावर. नव्या साक्ष अधिनियमातही सात वर्षांची ती मुदत कायम आहे. मुसलमान स्त्रियांसाठी 1939 च्या विवाहविच्छेद कायद्यानं चार वर्षांची मुदत दिली. नवरा चार वर्षं बेपत्ता असेल तर ती कोर्टाकडे सुटका मागू शकते. कायद्याला मुदत घालावीच लागते. पण चार वर्षं काय किंवा सात वर्षं काय, कुंकवाचा करंडा उघडावा की बंद ठेवावा, हे रोज सकाळी ठरवणाऱ्या बाईला ती किती लांब वाटत असतील!

धर्मांनीही आपापल्या परीनं या पोकळीवर इलाज शोधले. देह मिळाला नाही तर पळसाच्या पानांची किंवा दर्भाची आकृती करून तिला अग्नी देण्याचा विधी हिंदूंत आहे. आम्हा मुसलमानांत बुडून मेलेल्याला शहिदाचा दर्जा आहे. प्रेत समोर नसताना नमाज-ए-जनाजा पढावी की नाही, याबद्दल आमच्या फिक्हच्या पंथांत मतभेद आहेत. ज्या कोकणी घरांनी दर्यावर माणसं गमावली, त्यांना ते मतभेद पुस्तकात वाचावे लागले नाहीत. दोन्हीकडे मागणं एकच : जाणाऱ्याचं नाव घेऊन निरोप देता यावा. किनाऱ्याला लागलेल्या अनोळखी देहापुढे मात्र दोन्ही धर्म अडखळतात. पुरायचं की जाळायचं? पंच अंगावरच्या खुणा शोधतात आणि त्यावरून ठरतं. कधी चुकतही असेल. माती आणि आग, दोन्ही तक्रार करत नाहीत.

आता याच्या शेजारी दुसरी एक गोष्ट ठेवतो. मुंबईत मस्जिद बंदरला इंडियन सेलर्स होम ही खलाशांची जुनी इमारत आहे. पहिल्या महायुद्धात समुद्रात गेलेल्या आणि समुद्राखेरीज दुसरी कबर नसलेल्या दोन हजारांहून अधिक हिंदी खलाशांचं स्मारक तिथे आहे. दुसऱ्या महायुद्धातल्या अशा खलाशांची नावं एका वहीत लिहिली आहेत, सहा हजारांहून अधिक. त्या वहीच्या दोन सारख्या प्रती केल्या. एक मुंबईला, दुसरी चितगावला. यांतल्या बहुतेकांचा देह कुठल्याच किनाऱ्याला लागला नाही. अटलांटिक किंवा हिंदी महासागराच्या तळाशी ते आहेत. तरी ते बेवारस नाहीत. कारण जहाजावर चढताना खलाशाचं नाव नोंदवलं जाई.

1945 साली संपलेल्या युद्धातला, हजारो मैल दूर बुडालेला खलाशी नावानिशी ओळखीचा राहतो. आणि 1947 साली मुंबईपासून हाकेच्या अंतरावर बुडालेला गटारीचा प्रवासी आकड्यातसुद्धा नीट बसत नाही. फरक समुद्रानं केलेला नाही.

परदेशातलं एक उदाहरण घेऊ, कारण अशा गोष्टींभोवती गूढ कसं उभं राहतं आणि ते कसं उतरतं, हे त्यात दिसतं. ऑगस्ट 2007 मध्ये कॅनडाच्या पश्चिम किनाऱ्यावरच्या जेडेडाया नावाच्या बेटावर एक बूट सापडला. आत मोजा आणि मोज्यात माणसाचं पाऊल. सहाच दिवसांनी जवळच्या गॅब्रिओला बेटावर दुसरा बूट, आत पाऊल, आणि तेही उजवंच. म्हणजे माणसं दोन! त्यानंतरच्या वर्षांत त्या भागातल्या बेटांना आणि किनाऱ्यांना अशी वीसच्या आसपास पावलं लागली. जगभर चर्चा उसळली. कुणी म्हणालं, पाय तोडणारा खुनी मोकाट आहे. कुणी म्हणालं, 2004 च्या त्सुनामीतले लोक वाहत आले. 2008 मध्ये तर कुणा दीडशहाण्यानं बुटात प्राण्याचा पंजा कोंबून किनाऱ्यावर ठेवला.

उत्तर निघालं ते साधं. शास्त्रज्ञ गेल अँडरसन यांनी डुकरांची प्रेतं समुद्राच्या तळाशी ठेवून कॅमेऱ्यानं पाहिलं. तळातले खेकडे-कोळंबीसारखे जीव मऊ भाग आधी खातात. घोट्याचा सांधा मऊ बंधांनी बांधलेला. ते खाल्ले गेले की पाऊल आपोआप सुटतं. कुणी कापावं लागत नाही. पूर्वी असं सुटलेलं पाऊल तळाशीच राहायचं. पण हल्लीचे पळायचे बूट हलक्या फोमचे, काहींच्या तळव्यात हवा भरलेली. ते पावलाला घेऊन वर येतात आणि तिथले वारे-प्रवाह त्यांना बेटांच्या दाटीत आणून सोडतात. बुटानं पावलाचं रक्षण केलं होतं, हाडात डीएनए शाबूत होता. तो बेपत्ता लोकांच्या नातेवाइकांच्या नमुन्यांशी ताडला गेला आणि बहुतेकांची नावं लागली. पावलं तोडल्याचा पुरावा कुठेच निघाला नाही. अपघात होते आणि आत्महत्या होत्या. म्हणजे जिवंतपणी ज्यांची घालमेल कुणाला दिसली नाही, अशी काही माणसं त्यांत होती. गूढ म्हणावं तर ते हे.

बुटानं पाऊल किनाऱ्याला आणलं. नाव आणलं ते बेपत्ता माणसांच्या नोंदींनी. कुणीतरी 'आमचा माणूस घरी आला नाही' असं सांगितलेलं होतं आणि कुणीतरी ते लिहून ठेवलेलं होतं.

हेच आपल्याही किनाऱ्यावर घडलं, तेही अलीकडे. मे 2021 मध्ये तौक्ते चक्रीवादळ मुंबईजवळून गेलं. बॉम्बे हायच्या तेलक्षेत्रात कामगारांच्या राहण्यासाठी असलेला 'पी-305' हा तराफा नांगर तुटून भरकटला आणि 17 मेच्या संध्याकाळी बुडाला. त्यावर 261 माणसं होती. नौदलानं खवळलेल्या दर्यातून 186 जणांना वाचवलं. 'वरप्रदा' नावाच्या टगवर 13 जण होते. त्यांतले दोघे वाचले. पुढच्या दिवसांत रायगडच्या किनाऱ्याला प्रेतं लागू लागली. काही तर थेट गुजरातेत वलसाडच्या किनाऱ्याला गेली. पाण्यानं चेहरे ओळखण्यापलीकडे गेले होते. हे तराफ्यावरचे, की टगवरचे, की तिसऱ्याच कुठल्या होडीवरचे, हे डोळ्यांनी सांगता येत नव्हतं.

पण या वेळी यादी होती. 261 हा आकडा अंदाज नव्हता. प्रत्येक आकड्यामागे नाव, गाव, घरचा फोन होता. देशाच्या कानाकोपऱ्यातून नातेवाईक मुंबईला आले. त्यांच्या रक्ताचे नमुने घेतले, प्रेतांचे नमुने घेतले, प्रयोगशाळेत जुळवले. वलसाडला लागलेला माणूसही आपल्या गावी जाऊ शकला. ती माणसं मरायला नको होती. वादळाची सूचना असताना तराफा समुद्रात का राहिला, हा प्रश्न वेगळा आणि गंभीर आहे. पण मेल्यावर त्यांना बेवारस म्हणावं लागलं नाही.

विज्ञान आता याही पुढे गेलं आहे. हैदराबादच्या 'इन्कॉइस' या समुद्रविज्ञान संस्थेकडे 'सॅरॅट' नावाची प्रणाली आहे. माणूस किंवा होडी कुठे, किती वाजता हरवली हे सांगितलं की वारा आणि प्रवाह यांवरून ती कुठे वाहत गेली असेल याचा अंदाज ती देते. जुना तांडेल अनुभवानं जे सांगत असे, तेच गणितानं. पण गणितालाही आधी कुणीतरी सांगावं लागतं की, माणूस हरवला आहे.

म्हणूनच 18 डिसेंबर 2024 ची घटना मला अस्वस्थ करते. गेटवेहून घारापुरीला निघालेल्या 'नीलकमल' या प्रवासी बोटीला, इंजिनाची चाचणी चाललेल्या नौदलाच्या स्पीडबोटीची धडक बसली. पंधरा जण गेले. बोटीची परवानगी 84 प्रवासी आणि सहा खलाशी एवढीच; प्रत्यक्षात माणसं शंभराच्या वर होती. शोध पुढेही चालू राहिला आणि एका लहान मुलाचा देह तीन दिवसांनी हाती आला. चढताना किती जण होते हे नक्की लिहिलेलं नसेल, तर शोध थांबवायचा कधी? शेवटचा माणूस सापडला, हे कुणी सांगायचं? 'रामदास' बुडाली त्याला तेव्हा 77 वर्षं झाली होती, आणि प्रश्न त्याच पाण्यात, जवळपास त्याच जागी उभा होता.

मी कवितेचा माणूस आहे. नाव ही कवितेला फार मोठी गोष्ट वाटते. पण इथे कवितेचं काम नाही, कारकुनाचं आहे. एक वही हवी, एक पेन हवं आणि बोटीत चढणाऱ्या प्रत्येकाला थांबवून विचारणारा एक माणूस हवा. रांग लांबेल, लोक कुरकुरतील, गडबडीची भरती टळेल. टळू दे.

तेव्हा यापुढे मांडव्याला, घारापुरीला किंवा कुठल्याही बेटावर जाताना खिडकीतल्या माणसानं नाव आणि फोन नंबर विचारला तर चिडू नका. पूर्ण नाव सांगा, गावही सांगा. आणि त्यानं विचारलंच नाही, तर तुम्ही त्याला विचारा, का विचारत नाही म्हणून.